मिक्सरखालचा कागद

"फळाला कसलं आलंय पथ्य? उपासाला चालतंय, देवाला चालतंय, आन आजाऱ्याला चालंना व्हय?"

संध्याकाळी कामावरून येऊन व्हरांड्यात सँडलचे बंद सोडत होते, तेव्हा हे कानावर पडलं. शेजारच्या बाई साहेबांसाठी दोन शहाळी घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी दारातच हळू आवाजात विचारलं होतं, चालतील ना त्यांना? त्यावर मामींचं हे उत्तर. मग कोयत्याचे तीन घाव ऐकू आले आणि ग्लासात पाणी पडल्याचा आवाज. मी सोडलेला बंद पुन्हा लावला आणि पुन्हा सोडला. आत जायला तेवढाच उशीर.

ते पाणी साहेबांना चालणार नव्हतं. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं, आणि माहीत होऊन पंधरा दिवस झाले होते.

नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत आमचं घर. शिक्षण संपल्यावर मला साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि ओळखीतून शेडगे मामींच्या घरची मागची खोली मिळाली. सगळी गल्लीच त्यांना मामी म्हणायची. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून ते साहेब. मुलगाही फौजेत, कुठेतरी लांब उत्तरेकडे. त्याचं पत्र आलं की मामी ते दोनदा वाचायच्या, एकदा मनात आणि एकदा गल्लीला ऐकू जाईल असं.

मामी ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. साहेबांचं जुनं घड्याळ त्यांच्या मनगटावर असे, तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. वेळ बघायची तर त्या तळवा समोर धरायच्या, जणू काही स्वतःचा हातच बघताहेत. "टाइम म्हंजे टाइम," हे त्यांचं पालुपद. सकाळी साडेसहाला मिक्सर सुरू झाला की मागच्या खोलीतली माझी खिडकी थरथरायची. गजर लावायची गरज मला तिथे कधी पडली नाही.

त्या मिक्सरमध्ये जे व्हायचं त्याला मामी शेक म्हणायच्या. अंबाल्याला साहेबांची पलटण असताना एका अफसराच्या बायकोकडून त्या तो शिकल्या होत्या. त्या मेमसाहेबांची कृती केळं, दूध आणि साखर एवढीच असावी. मामींनी तिची वीस वर्षांत फौज केली होती. दोन केळी, सालं काढलेला चिकू, पपईची फोड, रात्री भिजवलेला खजूर, मूठभर बेदाणे, वर साय न काढलेलं दूध. साखर बिलकुल नाही. आंबट फळ दुधात घालायचं नाही. थंडीत वाईकडची स्ट्रॉबेरी गल्लीत विकायला यायची, तर ती वेगळी, नुसती चुरून, मधात. शेक बसून प्यायचा. आणि पिऊन झालं की ग्लास मामींच्या तळहातावर पालथा करायचा. थेंब पडला तर, "ह्यो कुनासाठी ठेवलास?" असं विचारून त्या ग्लास परत हातात द्यायच्या.

स्वतः मात्र त्या भरलेला ग्लास कधी घ्यायच्या नाहीत. सगळ्यांचं वाढून झालं की जारमध्ये घोटभर दूध घालायचं, झाकण लावून हलवायचं आणि ते धुवण ओट्याशी उभ्यानंच पिऊन टाकायचं. बसून प्यायचा नियम त्यांना लागू नव्हता.

बेदाणे मी आणत असे. दर दुसऱ्या शनिवारी मी एसटीनं सांगलीला जायची आणि येताना किलोभर बेदाणे घेऊन यायची. मामी पुडी उघडून वास घ्यायच्या. "तुमच्या सांगलीचा माल तो सांगलीचा," असं म्हणत बरणी भरायच्या. मी फारशी बोलत नसे. त्या घरात माझी जागा बहुतेक त्या बरणीनेच तयार केली होती.

वीज गेली म्हणून शेक चुकला असं कधी झालं नाही. एकदा सलग तीन सकाळी वीज नव्हती. पहिल्या दिवशी खिडकी थरथरली नाही, म्हणून मला जागच आली नाही. मग दारावर थाप पडली. बाहेर येऊन बघते तर मामी पुरणयंत्रातून केळी आणि चिकू गाळताहेत, खजूर पाट्यावर वाटलेला, घामाने कुंकू ओघळलेलं. साहेब समोर स्टुलावर ताठ बसून वाट बघताहेत.

"दोन घास उशिरा खाल्लं तर काय बिघडणार आहे?" साहेब म्हणाले.

"तुमी फौजेत असं म्हनला असता का?"

 ग्लास आला तेव्हा साहेबांनी त्याला कपाळाशी हात नेऊन सलाम केला. तो त्यांचा रोजचा विनोद होता आणि मामी त्यावर रोज तोंड फिरवून हसायच्या.

मामींना विरोध करून बघितलेला एकच माणूस मला माहीत आहे. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे वैद्य राहायचे. दूध आणि केळं हे विरुद्ध अन्न आहे, यानं अंगावर खाज उठते, असं ते चारचौघांत म्हणाले. मामी भांडल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून रोज पावणेसातला वैद्यांच्या ओट्यावर झाकलेला ग्लास नेऊन ठेवायला सुरुवात केली. दहाव्या-अकराव्या दिवशी मामींना ताप होता म्हणून ग्लास गेला नाही, तर आठ वाजता वैद्य स्वतः काठी टेकत आले. "आज काही विशेष?" असं त्यांनी विचारलं. गल्ली वर्षभर हसत होती. त्यानंतर मामींच्या शेकबद्दल कुणी काही बोललं नाही.

आणि मी तर बोलणारच नव्हते. साताऱ्यातल्या पहिल्या पावसाळ्यात मला कावीळ झाली होती. सांगलीला जाण्याइतकीही ताकद नव्हती. मामींनी मला मागच्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत आणलं, दीड महिना उसाचा रस, पपई, मनुकांचं पाणी असं चमच्याने पाजलं. आई मला न्यायला आली तेव्हा तिला म्हणाल्या, "पोरगी न्या, पन चालत न्या. उचलून न्यायला मी न्हाई दिली." मी चालत गेले. आजही कुणी मला विचारलं की तुला कुणी वाचवलं, तर माझ्या डोळ्यांपुढे तो चमचा येतो.

साहेबांचे पाय पहिल्यांदा मी बघितले ते उन्हाळ्यात. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर फिरून यायची त्यांची सवय. एक दिवस त्यांनी बुटाच्या नाड्या सैल सोडल्या. मग बूट कपाटात गेले आणि चपला आल्या. मग चपलेचा पट्टा पावलात रुतायला लागला. साहेब म्हणायचे, "उन्हानं होतंय." मामी म्हणायच्या, "अशक्तपना." आणि खजुराच्या दोन बिया जास्त निघायला लागल्या.

शेवटी मुलानं पत्रातून तगादा लावला म्हणून दोघं मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी त्या आठवड्यात सांगलीत होते. मिरज तिथून हाकेवर. मला सोबत जाता आलं असतं, पण कुणी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. मी परत आले तेव्हा मामींनी सगळं सांगितलं. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त कामातून गेली होती. मीठ बंद, मटण बंद, पाणी मोजून.

"बाकी कागदावर लिवलंय म्हनला डॉक्टर. छापील हाय, विंग्रजीत. तू आलीस की वाचून घिऊ म्हनलं हुतं."

"कुठे आहे?"

"आसंल की हितंच. वाचू सावकाश. पथ्य काय, तेच असतंय. तेल, तिखट, वातड."

साहेबांना थोडं इंग्रजी यायचं, पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मी पुन्हा विचारलं नाही. मामींनी त्या दिवसापासून मीठ इतकं काटेकोर बंद केलं की स्वतःच्या ताटातलंही काढलं. पाणी मोजायला औषधाच्या बाटलीवर खुणा केल्या. मटणाचं भांडं घासून माळ्यावर टाकलं. इतकं सगळं बंद झाल्यावर माणसाच्या अंगात काही जायला हवं, म्हणून शेकचा ग्लास मोठा झाला. शिवाय भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं आणायचा, मोसंबी आणायचा. शहाळ्याचं पाणी मामी त्या खुणांत धरत नव्हत्या. ते त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच.

दुसरे नियमित येणारे म्हणजे खंडाळ्याचे पवार नाना, साहेबांच्या पलटणीतले. महिन्यातून दोनदा एसटीनं यायचे आणि व्हरांड्यात पाय पसरून बसायचे. मामींच्या शेकला ते डिझेल म्हणायचे.

"आवं वहिनी, आमच्या टाकीतबी जरा डिझेल सोडा. का सगळं साहेबाच्याच गाडीला?"

"तुमची गाडी भंगारात काढायची हाय, भावजी."

"काढा की. पन टाकी भरून काढा."

साहेब हसायचे. मी मात्र त्यांच्या हाताकडे बघायची. पत्ते वाटताना त्यांची बोटं जड होत चालली होती. एखादं पान उचलायला दोन प्रयत्न लागायचे.

कागद मला सापडला तो एका सोमवारी. मामी सोमवारी डोक्यावरून न्हायच्या, त्यांना उशीर होत होता. न्हाणीघरातून त्यांनी हाक मारली, "मिनू, आज शेक तू लाव गं. सगळं काढून ठेवलंय."

मी जार बसवला, बटण दाबलं. मिक्सर ओट्यावर नाचायला लागला. त्याचा एक पाय आखूड होता, हे मला माहीत होतं. त्याखाली मामींनी काहीतरी घडी घालून सरकवलेलं असायचं. ते सटकून खाली पडलं होतं. मी बटण बंद करून ते उचललं. चार घड्यांचा कागद, दुधानं आणि फळांच्या रसानं कडक झालेला. वर मिरजेच्या दवाखान्याचं नाव.

मी उलगडून वाचला. वरच्या अर्ध्या भागात मीठ, पाणी, मटण. खालच्या अर्ध्या भागात, शब्दांपुढे छोट्या फुल्या: केळं. चिकू. पपई. खजूर. बेदाणे. शहाळं. आणि त्याखाली एक ओळ, की या रुग्णांच्या रक्तात या पदार्थांतलं पोटॅशियम साठतं आणि त्यानं हृदय अचानक थांबू शकतं.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला.

"बेदाणे घातलेस का गं? ईसरू नको."

जारमध्ये सगळं होतं. एक शहाळं सोडलं तर कागदावर होतं तेच, जवळजवळ त्याच क्रमानं. मी कागदाची पुन्हा चार वेळा घडी केली, आखूड पायाखाली सरकवली आणि बटण दाबलं. खिडकी थरथरली. ग्लास मीच साहेबांना नेऊन दिला. त्यांनी कपाळाशी हात नेला आणि मला सलाम केला.

असं का केलं, याची मी पुढे अनेक कारणं शोधली. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं असेल. छापील कागद सगळ्यांना एकच देतात, भीती घालायला. मी कोण, काल कावीळ झालेली पोर. त्यातलं एकही कारण त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की मामी न्हाऊन बाहेर येतील, आणि मी त्यांना सांगेन की तुम्ही रोज सकाळी काय करताय, आणि मग त्यांचा चेहरा मला बघावा लागेल.

त्या आठवड्यात मी एक प्रयत्न केला. भांडी विसळता विसळता म्हणाले, "मामी, साहेबांना फळं जरा कमी केली तर? कुठेतरी वाचलं होतं."

मामींनी माझ्याकडे बघितलं आणि ओल्या हातानं माझा गाल ओढला. "तुला काविळीतनं उठवली ती काय इंजेक्शनानं व्हय गं?"

पुढच्या शनिवारी सांगलीहून येताना मी बेदाणे आणले नाहीत. बाजार बंद होता म्हणून सांगितलं. मामींनी साताऱ्यातले आणले. "सांगलीची सर न्हाई," त्या बरणी भरताना म्हणाल्या, "पन चालवून घिऊ." नंतर आली शेजारणीच्या हातची ती दोन शहाळी. त्या संध्याकाळी सँडल काढून मी आत गेले तेव्हा साहेब शहाळ्याची मलई चमच्याने खात होते आणि मामी शेजारी बसून त्यांचे पाय चेपत होत्या. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मामी तो अंगठ्यानं हलकेच पुसायच्या, कणीक सारखी करावी तसा.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. साडेसहाला खिडकी थरथरली, थांबली. मी वेणी घालत होते. मग मामींची हाक आली, नेहमीच्याच आवाजात: "आवं, ग्लास धरा की नीट." दुसरी हाक तशी नव्हती.

साहेब खुर्चीतच होते. ग्लास मांडीवर कलंडला होता, निम्मा भरलेला. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत मामी त्यांच्या छातीवर तळवा ठेवून बसल्या होत्या, घड्याळाची तबकडी आत.

तिथला तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने सकाळी काय खाल्लं होतं असं विचारलं. मामींनी सगळं सांगितलं, एकेका फळाचं नाव घेऊन. मीठ चिमूटभरसुद्धा दिलं नाही, हेही सांगितलं.  डॉक्टर वळून नर्सला इंग्रजीत म्हणाला की यांना घरी कुणीच सांगितलं नाही का.

"काय म्हनला गं?" मामींनी विचारलं.

"काही नाही. हार्ट म्हणाला."

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मामी ओट्याशी उभ्या होत्या. मिक्सरवर त्यांनी साहेबांचा जुना टॉवेल पांघरला होता. माझ्याकडे पाठ ठेवूनच त्या म्हणाल्या, "मिनू, खरं सांग. माझं कुटं काय कमी पडलं का गं?"

मी पुढे होऊन त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसायला लागले. एवढंच केलं. त्यांनी ते उत्तर समजून घेतलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात माझी सांगलीच्या ऑफिसात बदली झाली. मी सामान आधीच पाठवलं होतं, फक्त निरोप घ्यायला सकाळी गेले. सहा महिन्यांत त्या घरात मिक्सर लागला नव्हता. मामी सकाळी चहा आणि शिळी भाकरी खायच्या, घड्याळ काढून देवापुढे ठेवलेलं होतं. पण त्या दिवशी फाटकाशीच मला तो आवाज ऐकू आला.

व्हरांड्यात पवार नाना बसले होते. मी त्यांना बरेच महिने बघितलं नव्हतं. चेहरा सुजल्यासारखा, रंग मातकट. पायांत चपला होत्या आणि पट्टे रुतले होते.

"ये पोरी," नाना म्हणाले. "आमीबी मिरजंला जाऊन आलो बग. साहेबाचंच दुखनं निघालं. दोस्ती लय पक्की म्हनायची."

"काय पथ्य दिलंय?" मी विचारलं.

"मीठ बंद म्हनलाय. आन हे पानबी दिलंय." त्यांनी खिशातून घडी काढून दाखवली. नवी, पांढरी, कोरी करकरीत. "वहिनींनी वळखलं लगीच. म्हनल्या, असलाच साहेबास्नीबी दिला हुता."

मामी आतून आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी पदर कमरेला खोचला होता. मनगटावर घड्याळ होतं. हातात मोठा ग्लास, साहेबांचा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं होतं, आणि ते परत आलेलं बघून मला आनंद व्हायला हवा होता.

"आलीस व्हय? बस. तुलाबी करते. भावजींना हितंच ठेवून घेनार हाय म्हैनाभर. खंडाळ्यात त्यांचं कोन बगनार? साहेबांच्या वक्ताला केलं तसंच सगळं करनार. कायच कमी पडू देनार न्हाई."

"डिझेल आलं," नाना म्हणाले आणि ग्लासासाठी हात पुढे केला. बोटं जड होती.

मी त्यांच्या दोघांच्या मधून आत गेले. मिक्सर एका हातानं उचलला, आखूड पायाखालची घडी काढली. ती आता पिवळी पडली होती, घड्यांवर फाटत आली होती. मी ती घेऊन बाहेर आले.

"मामी, तो ग्लास नानांना देऊ नका."

मामी हसल्या. "का गं? साहेबांना रोज दिला की."

नानांचा हात तसाच पुढे होता. मामींच्या हातातला ग्लास अजून हलत नव्हता. मी कागद उलगडला आणि त्यांच्यापुढे धरला, त्यांना वाचता येणार नाही हे माहीत असून.

"साहेबांनाही द्यायचा नव्हता, मामी. यात लिहिलंय. मला माहीत होतं."